डाळ शिजणारं पाणी

आमच्या टेंभूरवाडीत पाणी चांगलं की वाईट हे ठरवायला आधी चूल पेटवतात. त्या पाण्यात तूरडाळ विरघळली तर पाणी पास, आणि दाणा दाण्यासारखाच राहिला तर नापास. हा कायदा गावाला घालून दिला राधाकिसन मामांनी. त्यांना गावात कुणी नुसत्या नावानं हाक मारत नाही. लहानांचे ते मामा आणि म्हाताऱ्यांचेही मामाच.

धावड्याकडून भोकरदनला जाताना डाव्या हाताला एक फाटा लागतो, तिथून आत आमचं गाव. बाहेरच्याला ते सापडत नाही, आणि सापडलं तरी तिथं उतरावंसं वाटत नाही. मी इथला गिरणीवाला, कल्याण. दळण घेऊन आलेलं माणूस थांबतं, थांबलं की बोलतं, त्यामुळे गावातली निम्मी भांडणं मला तोंडपाठ आहेत. उरलेली निम्मी मीच लावली असं लोक म्हणतात. म्हणोत. माझी जीभ तिखट आहे हे मला ठाऊक आहे, पण मामांबद्दल बोलताना ती आपोआप सांभाळून चालते.

मामा धनगराच्या घरचे. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, वर्षातले आठ महिने रानोमाळ फिरणं होतं. मेंढरं विकली आणि घर शेतीला लागलं, तरी मेंढरांनी शिकवलेलं मामांच्या अंगात राहिलं. उन्हाळ्यात मेंढरू बसायला जागा निवडतं ती उगीच निवडत नाही, खाली ओल असते, असं ते सांगायचे. मग ते पाणाड्या झाले. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा आणि रान चालत जायचं. नारळ उभा राहिला की तिथं पाणी. माझा त्या नारळावर काडीचा विश्वास नव्हता. पण पाणी लागायचं, आणि नाही लागलं तर मामा चारचौघांत सांगायचे की बाबांनो, चुकलो. चुकलो म्हणणारा पाणाड्या मी दुसरा पाहिला नाही.

त्यांची खरी गंमत पाणी लागल्यावर असायची. दुसरे पाणाडे पैसे घेऊन मोटारसायकलला किक मारतात. मामा पैसे घेत नसत. पाणी लागलं की ते धोतराच्या सोग्यातून मूठभर तूरडाळ काढायचे, बोअरशेजारी तीन दगड मांडायचे, आणि बायनाबाई मामी घरून आणलेल्या पितळी पातेल्यात ती डाळ नव्या पाण्यात शिजायला टाकायच्या. डाळ विरघळेपर्यंत कुणी उठायचं नाही. मग मामा पळीभर वरण जिभेवर घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "डाळ खोटं बोलत न्हाई." ते वरण जमलेल्या सगळ्यांना वाटायचं, आणि तीच मामांची मजुरी. आसपासच्या दहा गावांत हा रिवाज झाला होता. मामांची डाळ शिजली म्हणजे त्या पाण्याला कुणी नाव ठेवायचं नाही.

या डाळीच्या वेडामागे आमच्या गावाचं जुनं दुखणं होतं. मारुतीसमोर एक आड आहे, पूर्वी सगळं गाव त्यावरच जगायचं. पाणी जड. साबणाला फेस नाही, घागरीत आतून पांढरा थर, आणि डाळीचं तर विचारू नका. भाराभर काड्या जाळल्या तरी डाळ वेगळी आणि पाणी वेगळं. आमच्या गावच्या पंगतीत बसलेला एक पाहुणा म्हणाला होता, वरण नका वाढू, डाळ नुसती भाजून द्या, आम्ही फुटाणे समजून खाऊ. हे बोलणारा माणूस पुढे माझा सासरा झाला, म्हणून मला पाठ आहे. पण सगळेच सासरे असे हसून पोरगी देत नाहीत. या गावात दिली तर जन्मभर चुलीपुढे फुंकत बसेल, म्हणून कित्येक सोयरिकी मोडल्या.

मोठा दुष्काळ पडला त्या वर्षी आड कोरडा पडला आणि गाव टँकरवर आलं. तेव्हा मामांनी स्वतःच्या वस्तीच्या कोपऱ्यात बोअरचा पॉइंट दिला आणि ती जागाही गावाला देऊन टाकली. बोअरची गाडी लागली. खाली नुसता खडक आणि धूळ. गाडीवाला वैतागला, म्हणाला आता पैसे घालवू नका. मामा हलले नाहीत. "अजून खाली," म्हणाले. आणखी खाली गेल्यावर पाणी असं उसळलं की उभी माणसं भिजली. मामींनी पातेलं चढवलं. डाळ अशी विरघळली की पळी फिरवायचीही गरज पडली नाही. गावातली सगळ्यात खाष्ट बाई म्हणजे चतुराबाई. तिनं ते वरण चाटून बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला. बायकांनी त्याच पाण्यानं मामांचे पाय धुतले. मामा लाजून लाल झाले होते. आता या गावाला पोरगी द्यायला कुणी न्हाई म्हणणार न्हाई, एवढंच ते बोलले.

पुढे टाकी झाली, नळ आले, आणि आडाला आम्ही विसरलो. निर्माल्य, फुटक्या मूर्ती, प्लास्टिक, जे नको ते आडात. माणसाची कृतज्ञता आडाइतकीच खोल असते, उन्हाळ्यात आटते.

त्यानंतर जे झालं ते इतकं हळू झालं की कुणाच्या लक्षात आलं नाही. शाळेतल्या पोरांचे दात पिवळे पडले, मग त्यांवर तपकिरी रेघा आल्या. मास्तरांनी गुटख्याला दोष दिला आणि पाचवीतल्या पोरांचे खिसे तपासले. बायामाणसांचे गुडघे धरले, कंबरा धरल्या. कुणी वात म्हणालं, कुणी मागच्या तापाचं राहिलंय म्हणालं. माझ्या गिरणीत दळणाचा डबा डोक्यावरून उतरवताना ज्या बाया हसत असायच्या, त्या आता 'आई गं' म्हणायला लागल्या. मामांची मान ताठरली. ती वर होईना, बाजूला वळेना. मी एकदा चिडवलं, मामा, आभाळ कसं बघता आता? ते म्हणाले, वर बघायचं काम मला कधी होतं रे, माझं सगळं खालीच. आम्ही दोघं हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं हे नंतर कळलं.

मामांचा मुलगा बिभीषण जालन्यात सळईच्या कारखान्यात कामाला. त्याची बायको वंदना तिकडेच असते. त्यांची मुलगी प्रांजली मात्र आजी-आजोबांजवळ वाढली, आणि तेही मामांच्या हट्टानं. जालन्याच्या नळाला आठवडा आठवडा पाणी नसतं, तिथं पोरगी काय पिणार? पाण्याच्या गावाला राहू द्या तिला, असं ते म्हणाले. रोज सकाळी चहाच्या आधी मामा तिला बोअरचं ताजं पाणी पितळी पेल्यातून पाजायचे. टाकीतलं नाही, थेट बोअरचं. आपल्या हातचं सगळ्यात चांगलं जे आहे ते तिला द्यायचं, एवढंच त्यांच्या मनात असायचं.

पोरगी वाऱ्यासारखी पळायची. खो-खोत तिला बाद करणं मोठ्या पोरींनाही जमत नसे. मग तिचे गुडघे आत यायला लागले. आधी चालताना गुडघ्याला गुडघा घासायचा, मग पावलं बाहेर फाकायला लागली. पळताना पडायची, आणि पडली की हसायची, कारण दुसरं काय करावं हे तिला कळत नव्हतं. तेल झालं, हाडवैद्य झाला, अंगारा झाला. कुणीतरी सांगितलं अंगात उष्णता आहे, पाणी जास्त पाजा. मामांनी पेला भरून दिवसातून चारदा पाजायला सुरुवात केली.

शेवटी संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. बिभीषणला सुट्टी मिळेना म्हणून मामांबरोबर मी गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी प्रांजलीचे पाय बघितले आणि मग मामांकडे वळून म्हणाल्या, बाबा, वर छताकडे बघा. मामांना वाटलं नंबर चुकला. पेशंट मी न्हाई, पोरगी हाये, म्हणाले. बाईंनी त्यांना हात वर करायला लावले, वाकायला लावलं, पोरीचे दात बघितले, माझेही बघितले. मग विचारलं की पाणी कुठलं पिता.

"बोअरचं," मामा म्हणाले. "लई गोड पाणी हाये, बाई. माझाच पॉइंट हाये."

बाईंनी पाण्याची बाटली मागवून घेतली. पुढच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा त्यांच्याजवळ उत्तर होतं. पाण्यात फ्लोराईड आहे, खूप आहे. त्याला वास नाही, चव नाही. ते दातांत जातं, हाडांत जातं, आणि वाढत्या पोरांची हाडं वाकवतं. तुमची मान त्यानंच धरली आहे, आणि तिचे पाय त्यानंच वाकले आहेत. पाणी तोडलं तर आत्ता आशा आहे, असं त्या म्हणाल्या. पोरगी वाढतीय, वर्षभर दुसरं पाणी दिलं, दूध दिलं, गोळ्या दिल्या, तर पाय सुधारू शकतात. पिण्यालाही दुसरं आणि स्वयंपाकालाही दुसरं. एकदा वाढ संपली की हाड कुणाचं ऐकत नाही.

मामा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "पण बाई, त्यात डाळ बराबर शिजती."

"शिजणारच, बाबा," बाई म्हणाल्या. "ज्या पाण्यात चुना कमी, त्यात डाळ लवकर शिजते. आणि चुना कमी असला की हे फ्लोराईड पाण्यात जास्त उतरतं. तुमची डाळ त्याच पाण्यात शिजतीय."

मामांनी जन्मभर ज्या एका गोष्टीवर हात ठेवून शपथ घेतली होती, ती बाईंनी अशी दोन वाक्यांत मोडली. बाईंचा दोष नव्हता. मामा खुर्चीत बसूनच राहिले, पुढचा पेशंट आत आला तरी उठेनात. मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. एसटीत भोकरदन येईपर्यंत ते एकच वाक्य बोलले. मंग आडाचं पाणी कसं असंल रे?

पावसानं आडाला पुन्हा पाणी आलेलं होतं. मी बाटली बांधून खाली सोडली, भरून घेतली आणि तपासायला पाठवली. उत्तर आलं: पाणी जड आहे, चुना भरपूर, फ्लोराईड अगदी थोडं. म्हणजे जे पाणी आम्ही शिव्या देऊन टाकून दिलं, तेच आमची हाडं सांभाळत होतं.

सरकारी माणसं आली. त्यांनी बोअर तपासलं आणि त्याला लाल रंग दिला. लाल म्हणजे पिऊ नका. मग काय प्यायचं, याचा रंग त्यांच्या डब्यात नव्हता. पुढे फिल्टरचं मशीन बसलं, फीत कापली, फोटो झाले. दिवाळीला मशीन बंद पडलं ते पडलंच. त्या शेडमध्ये आता शेळ्या बांधतात. लाल रंगाच्या बोअरच्या नळाखाली बाया पूर्वीसारख्याच घागरी लावतात, आणि रंग ओला होता तेव्हा कुणाच्या लुगड्याला लागला यावरून झालेलं भांडण मीच मिटवलं.

मारुतीच्या पारावर गाव जमलं. मामा काठीला धरून उभे राहिले. मान वर होत नव्हती म्हणून ते बोलत होते जमिनीकडे बघत. "म्या चुकलो," ते म्हणाले. "हे पाणी पिऊ नका. लेकराबाळांला तर बिलकुल देऊ नका."

मग चतुराबाई बोलली, "मामा, डाळ तुम्हीच शिजवून दाखवली होती. तवा खरे होते का आता खरे हाये?"

सरपंच बद्रीनाथ वाईट माणूस नाही. तो म्हणाला, मामा, दुसरं पाणी दाखवा, मी उद्या हे बंद करतो. मामांनी आडाचं नाव काढलं, तेव्हा बायांमध्ये हशा पिकला. एकजण म्हणाली, घरात सून आलीय, तिला काय फुटाणे खाऊ घालू? कुणी म्हणालं म्हातारपण झालं, कुणी म्हणालं पाण्याचे जार विकणाऱ्यानं फितवलं. मी तोंड सोडलं, दोघातिघांना नको ते बोललो, आणि त्यामुळे मामांची बाजू आणखीच पडली. पालथ्या घड्यावर पाणी. या गावानं मामांचा शब्द एवढा खोल रुजवून घेतला होता की आता तो मामांनाही उपटता येईना.

मग मामांनी गावाचा नाद सोडला. एक पोरगी वाचली तरी पुरे, असं ते मला म्हणाले. बिभीषण सुट्टी काढून आला. प्रांजलीला जालन्याला नेतो म्हणाला, पण त्यांच्या वस्तीतही टँकर येतो तो कुठल्या बोअरचा ते कुणालाच माहीत नव्हतं. मी भोकरदनहून जार आणायला सुरुवात केली होती, तेच पाणी देतो म्हणालो. मामांनी विचारलं, जारात कोणतं बोअर भरलंय ते तुला तरी ठाऊक हाये का? मला ठाऊक नव्हतं. तेव्हा आड उपसायचा ठरला. मी मोटार दिली, बिभीषण दोर बांधून आत उतरला. चपला, टायर, देवांची मुंडकी, काय काय निघालं. आठवडाभर चिखल काढल्यावर झऱ्याचं पाणी दिसायला लागलं. नर्सबाईंनी पावडर टाकली, पुन्हा बाटली तपासून आली, आणि मामांच्या घरी आडाचं पाणी सुरू झालं.

मामांना पोहरा ओढता येत नव्हता, म्हणून मामी ओढायच्या. त्यांची स्वतःची कंबर धरलेली, तरी रोज दोन घागरी. मामांनी घरात सांगून ठेवलं होतं, डॉक्टरीणबाईंचा हुकूम हाये, पोरगीच्या पोटात बोअरचा थेंब जाता कामा नये. शाळेतली खिचडी बंद केली, घरचा डबा आणि घरची बाटली. मामा दुपारी ओट्यावर जेवायला बसले की मी समोरच्या गिरणीतून बघायचो. डाळ कचकच वाजायची. त्यांचे दात निम्मे पडलेले, एकेक घास चावायला किती वेळ जायचा. मी एकदा म्हणालो, मामा, तुम्ही तरी बोअरच्या पाण्यातली खा, तुमची हाडं आता काय वाकायची राहिलीत? ते म्हणाले, "दाताखाली दाणा आला की वाटतं, पोरगीचं हाड घट्ट होऊन राह्यलं."

दर रविवारी ते प्रांजलीला ओट्यावर उभं करायचे. त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून ती वर आणि ते खाली अंगणात. गुडघे जुळवून उभी राहा म्हणायचे, आणि दोन्ही घोट्यांमधल्या फटीकडे बघत बसायचे. मग मला हाक मारायचे, कल्याण, कमी झालीय ना रे? मला ती कमी झालेली कधीच दिसली नाही. मी हो म्हणायचो. मामांच्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणणारा माणूस मला दाखवा.

वर्ष उलटल्यावर आम्ही पुन्हा संभाजीनगरला गेलो. प्रांजलीनं नवा फ्रॉक घातला होता. आजोबांनी तिला सांगितलं होतं की यंदा शाळेच्या खेळात तुझं नाव देऊ. हाडांचे फोटो काढले, लघवी तपासली. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा बघितले आणि विचारलं, पाणी बदललं ना, बाबा?

"बदललं, बाई." मामांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "हिची आण."

बाईंचा चेहरा पडला. पाय आणखी वाकले होते. फ्लोराईड अजून अंगात जातच होतं, जवळजवळ पूर्वीइतकंच. आता औषधानं सरळ होण्याची आशा त्या देऊ शकत नव्हत्या. पुढे हाड कापून बसवावं लागेल, पण आत जाणं थांबलं नाही तर त्याचाही उपयोग नाही. कुठून जातंय ते शोधा, एवढंच त्या म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर मामा शोधत राहिले. दुधात पाणी घालतो का कुणी? आडातच तर उतरलं नसंल? शेवटी त्यांचा संशय जिथं जायला नको तिथं गेला. त्यांनी पोरीला जवळ घेतलं आणि हळूच विचारलं की शाळेत मैत्रिणींच्या बाटलीतून पाणी पितेस का गं. प्रांजली आधी नाही म्हणाली. मामांनी पुन्हा विचारलं, तेव्हा तिचे डोळे भरले. "आबा, म्या कव्हाच न्हाई पिले. तहान लागली तरी न्हाई पिले." भर गाडीत ती हुंदके देऊन रडली. मामा तिला थोपटत राहिले, पण विश्वास बसला असं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. आपण लेकराला खोटं पाडतोय हे त्यांना कळत होतं, आणि दुसरं उत्तर सापडत नव्हतं.

घरी पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. मामींनी काय झालं विचारलं. मी म्हणालो, आधी जेवू. मामींनी आम्हा तिघांची ताटं एकत्रच मांडली. एरवी मामा दुपारी आणि संध्याकाळी लवकर ओट्यावर जेवायचे, आणि प्रांजली नंतर आजीबरोबर चुलीपाशी. त्या दिवशी पहिल्यांदा दोघं शेजारी बसले. मामा जेवेनात. ताटाकडे बघत नुसते बसून राहिले. प्रांजलीला वाटलं आबा अजून रागावलेत. तिनं आपल्या ताटातली भाकरी वरणात कुस्करली, घास केला आणि मामांच्या तोंडापुढे धरला. आबा, घ्या ना.

मामांनी घास घेतला आणि त्यांचा जबडा थांबला. साऱ्या जन्मात त्या जिभेनं दुसरं काय पारखलं होतं? वरण लोण्यासारखं होतं. एक दाणा लागला नाही.

त्यांनी आधी पोरीच्या ताटात बघितलं, मग आपल्या. त्यांच्या वाटीत डाळ वेगळी होती आणि पाणी वेगळं.

"अगं," ते मामींना म्हणाले, "पोरगीची डाळ कोणत्या पाण्यातली?"

मामींनी काही लपवलं नाही. लपवण्यासारखं त्यांच्या मनात काही नव्हतंच. "बोअरच्या," त्या म्हणाल्या. "कच्च्या डाळीवरून उठून जाती ती, उपाशी झोपती. प्यायला आडाचंच देते, थेंब चुकवला न्हाई. अन् हे चांगलं खळाखळा उकळते मी, आटोस्तोर. नर्सबाई सांगती ना दर पावसाळ्यात, उकळलं की पाण्यातलं सगळं मरतं."

नर्सबाई खरंच सांगते. मागे गावात हगवण लागली होती तेव्हापासून दर पावसाळ्यात ती दारोदार तेच सांगते, आणि त्या रोगासाठी ते खरंच आहे. पण फ्लोराईड मरणारं नव्हतं. पाणी आटतं आणि हे मागे उरतं, उलट दाट होऊन उरतं. मामी वर्षभर जास्तीची लाकडं जाळून, दुखऱ्या कंबरेनं चुलीपुढे बसून, पोरीसाठी वेगळं पातेलं चढवत होत्या. पातेलं तेच होतं, पितळी, बोअरवर न्यायचे ते. मला रडू आलं, आणि मी ते पाण्याच्या तांब्यामागे लपवलं.

मामा मामींना काय सांगणार होते? बोअर त्यांचं, डाळीचा कायदा त्यांचा, आणि मामी तर सगळं आयुष्य त्या कायद्यानंच चालल्या होत्या.

प्रांजलीला यातलं काही समजलं नव्हतं. आबांनी आपल्या हातचा घास खाल्ला, म्हणजे राग गेला, एवढंच तिला समजलं. तिनं डोळे पुसले, ताट पुढे सरकवलं आणि आजीला म्हणाली, अजून वाढ. मामी खूश झाल्या. पातेल्यातून पळी भरून वाफाळतं वरण त्यांनी पुढे आणलं, तेवढ्यात मामांनी आपला पंजा पोरीच्या ताटावर आडवा धरला. वरण त्यांच्या हातावर सांडलं.

"अवं, हात काढा, भाजंल," मामी म्हणाल्या.

मामांनी हात काढला नाही. वरण त्यांच्या बोटांमधून खाली गळत होतं आणि प्रांजली त्याकडे बघत बसली होती. तिला अजून भूक होती.